हे कुठून कळले?



हीरक महोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी या शाळेत पहिले अक्षर गिरवले, त्यांच्या दृष्टीने संदर्भ म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटातले एखादे पुस्तक, गुरुजींच्या टिपणवहीतली एखादी नोंद किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण. पुस्तक मिळाले नाही तर प्रश्न तसाच राहत असे. आजच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलट आहे. त्याने प्रश्न विचारण्याचा अवकाश, क्षणात हजारो उत्तरे समोर येतात. उणीव उत्तरांची नाही. त्यांतले कोणते विश्वसनीय हे ओळखण्याची आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: शालेय प्रकल्पापासून विद्यापीठीय संशोधनापर्यंत विद्यार्थी आंतरजालावर आपली साधने कशी शोधतात, आणि ती कशी शोधावीत.

हा विषय नुसत्या सूचनांनी समजत नाही; त्यासाठी एखादे उदाहरण हाती घ्यावे लागते. ते याच शहरातले घेणे उचित होईल.

मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचे प्राचीन देवालय आहे. बंगळुरूतील मराठी कुटुंबांना त्याचे विशेष अगत्य, कारण त्याचा संबंध शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांच्याशी जोडला जातो. आता नववी-दहावीतील एखाद्या विद्यार्थिनीने 'बंगळुरूतील मराठ्यांच्या खुणा' असा प्रकल्प घेतला आहे असे समजू. तिने देवालयाचे नाव शोधयंत्रात घातले, की अनेक संकेतस्थळांवर तिला एकच वाक्य भेटेल: हे देवालय सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी बांधले. दहा ठिकाणी तेच वाक्य वाचल्यावर ते खरे वाटू लागते. परंतु त्या दहा ठिकाणी दहा साक्षीदार बोलत आहेत, की एकच साक्षीदार दहा वेळा बोलत आहे, हा प्रश्न तिने विचारला पाहिजे. एकाने लिहिले आणि नऊ जणांनी उतरवून घेतले असेल, तर दहा ठिकाणांचे वजन एका ठिकाणाइतकेच राहते.

'हे कुठून कळले?' असे तिने पुढे विचारले, तर ती एका शिलालेखाजवळ पोचते. हा कन्नड शिलालेख १६६९ सालचा असून, एकोजीराजांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपुराच्या मल्लिकार्जुन देवाला दिल्याची नोंद त्यात आहे. मल्लपूर म्हणजेच आजचे मल्लेश्वरम. येथे क्षणभर थांबून विचार करावा लागतो. देवाला गाव इनाम दिले, याचा अर्थ देवस्थान त्या वेळी अस्तित्वात होते. परंतु इनाम देणे वेगळे आणि देवालय बांधणे वेगळे. दानाच्या नोंदीवरून दाता निश्चित होतो. बांधणारा निश्चित होत नाही. तो व्यंकोजीराजे असू शकेल किंवा त्यांच्या आधीचा कुणी असू शकेल. ते सांगण्यास दुसरा पुरावा हवा. 'दिले' या शब्दाचे 'बांधले' कधी झाले, हे वाचणाऱ्यांच्या लक्षातही आले नाही. संशोधन म्हणतात ते या दोन क्रियापदांमधले अंतर ओळखण्याला. नववीतील मुलीलाही ते ओळखता येते. त्यासाठी मूळ नोंदीपर्यंत जाण्याची सवय मात्र हवी.

मूळ नोंद तिला सापडते कोठे? येथे आंतरजालाचा खरा उपकार दिसतो. बेंजामिन लुईस राइस हे बंगळुरूतच १८३७ साली जन्मलेले विद्वान. म्हैसूर संस्थानातील हजारो शिलालेख त्यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका' या ग्रंथमालेत संगृहीत केले. मालेचा पहिला खंड १८८६ साली निघाला आणि बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ साली. लेखाचा कन्नड पाठ, रोमन लिपीतील पाठ आणि इंग्रजी अनुवाद असे तिन्ही त्यात मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी हा ग्रंथ पाहायचा तर एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची परवानगी काढावी लागे. आज तो इंटरनेट आर्काइव्ह या मुक्त संग्रहात घरबसल्या उघडता येतो. मिथिक सोसायटी ही बंगळुरूतील संस्था १९०९ साली स्थापन झाली. तिने २०२१ पासून शहर-परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय प्रतिमांकन हाती घेतले आहे. झिजलेली अक्षरेही त्यामुळे पडद्यावर वाचता येऊ लागली आहेत.

या मुक्त संग्रहाची एक हकीकत बंगळुरूकरांनी जाणून घेण्यासारखी आहे. मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा विस्तीर्ण परिसर आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा प्रकल्प याच संस्थेच्या पुढाकाराने उभा राहिला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'दशलक्ष ग्रंथ' योजनेशी तो जोडलेला होता. देशभरातील केंद्रांत जुन्या ग्रंथांच्या पानापानाची छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांत मराठी ग्रंथही मोठ्या संख्येने आले. पुढे २०१७ च्या सुमारास प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळ बंद पडले. पण त्यापूर्वीच त्यातील लाखो ग्रंथांच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हमध्ये नेऊन ठेवल्या गेल्या होत्या, म्हणून ते वाचले. पुण्या-मुंबईतला विद्यार्थी आज एखादा दुर्मीळ मराठी ग्रंथ उघडतो, तेव्हा पुष्कळदा त्या ग्रंथाच्या ओळखक्रमांकात या बंगळुरूच्या प्रकल्पाचे नाव दडलेले असते.

असे असूनही अनेक विद्यार्थी 'मराठी पुस्तक मिळत नाही' असे सांगत परततात. याचे कारण बहुधा ग्रंथाच्या नावात असते. त्या प्रकल्पात मराठी ग्रंथांची नावे रोमन लिपीत नोंदवली गेली आणि प्रत्येक नोंदणाऱ्याने आपापल्या परीने अक्षरे योजली. एकाच 'च'साठी कुणी एक अक्षर लिहिले, कुणी दोन. दीर्घ स्वर कुणी दाखवला, कुणी सोडून दिला. कोठे ग्रंथकाराचे नाव गळले, कोठे भाषाच चुकीची नोंदली गेली. म्हणून देवनागरीत नाव घालून ग्रंथ न मिळाल्यास तो रोमन लिपीत तीन-चार पद्धतींनी शोधावा, नंतर ग्रंथकाराच्या आडनावाने, नंतर संपादकाच्या नावाने. आणखी एक सापळा असा की पुष्कळ नोंदींत नावाआधी '२०१५' हा आकडा दिसतो. विद्यार्थी तो प्रकाशनाचे वर्ष समजून संदर्भयादीत उतरवतात. तो साठवणीच्या क्रमांकाचा भाग आहे. प्रकाशनाचे वर्ष नेहमी ग्रंथाच्या मुखपृष्ठाआतील पानावरून घ्यावे.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या आत शोधण्याची. इंग्रजी ग्रंथात हवा तो शब्द यंत्र बहुधा शोधून देते. देवनागरीचे जुने ठसे यंत्राला तितके चांगले वाचता येत नाहीत, त्यामुळे 'शब्द सापडला नाही' असे उत्तर आले तरी तो शब्द ग्रंथात नाही असे समजू नये. अनुक्रमणिका पाहावी, शेवटची सूची चाळावी, प्रस्तावना वाचावी. जुन्या विद्यार्थ्यांची पाने उलटण्याची सवय येथे पुन्हा उपयोगी पडते.

आता आपली विद्यार्थिनी शहाजीराजांकडे वळते. १६३८ साली विजापूरच्या फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांच्या दरबाराचे चित्र कोठे मिळेल? जयराम पिंड्ये या कवीने त्या दरबाराचे वर्णन 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात केले आहे. वि. का. राजवाडे यांनी विस्तृत प्रस्तावनेसह ते १९२२ साली प्रसिद्ध केले. काव्य मुख्यतः संस्कृत आहे, पण त्यात अनेक देशी भाषांतील रचना आहेत. या शहराच्या दरबारात साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या भाषा नांदत होत्या, हे आजच्या बंगळुरूला मुद्दाम सांगावे असे आहे.

परंतु समकालीन ग्रंथ म्हणजे त्यातले प्रत्येक विधान सत्य असे होत नाही. दरबारी कवी आश्रयदात्याचा गौरव करतो. त्याचे हत्ती आणि सैन्य मोजताना हात आखडता घेत नाही. साधन हाती आल्यावर तीन गोष्टी विचारायच्या असतात: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कोणासाठी लिहिले? शिलालेख, पत्र, स्तुतिकाव्य, बखर आणि आजचा वर्तमानपत्री लेख यांना एकाच तराजूत घालता येत नाही. शाळेच्या प्रकल्पवहीतही 'अस्सल साधने' आणि 'नंतरचे लेखन' असे दोन रकाने आखले, तर विद्यार्थी नकळत हा विवेक शिकतो.

मुक्त ग्रंथांविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. भारतात ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. राजवाडे १९२६ साली निवर्तले. त्यांचे ग्रंथ आज सर्वांना खुले आहेत. उलट गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील बहुतेक महत्त्वाचे संशोधन विकतचे आहे किंवा ग्रंथालयात आहे. याचा परिणाम असा की आंतरजालावर जे फुकट आणि सहज मिळते ते बहुधा जुने असते, आणि त्या जुन्यातली चूक ज्याने दुरुस्त केली तो ग्रंथ नवा असल्यामुळे हाती लागत नाही.

याचे बोलके उदाहरण शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे आहे. ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि तो आज कुणालाही विनामूल्य वाचता येतो. त्यात जन्माचे वर्ष १६२७ दिले आहे. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातील शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आहे. एका नोंदीवर विसंबावे कसे, हा प्रश्न तेव्हाही उभा राहिला. मग स. म. दिवेकरांना तंजावरच्या ग्रंथसंग्रहात परमानंदाचे 'शिवभारत' मिळाले आणि त्यातील तिथी शकावलीशी जुळली. मावळातले एक घराणे आणि कावेरीकाठचा एक ग्रंथसंग्रह, एकमेकांपासून इतक्या दूर जपलेले दोन कागद एकच तिथी सांगू लागले, तेव्हा तिचे वजन वाढले. दोन स्वतंत्र साक्षी जुळणे म्हणजे काय, ते यावरून कळते. ज्याने केवळ फुकट मिळालेला १८२६ चा ग्रंथ वाचला, त्याचा प्रकल्प मात्र १६२७ वरच थांबेल.

यातील तंजावरचा धागा बंगळुरूशीही जोडलेला आहे. व्यंकोजीराजे येथूनच तिकडे गेले आणि त्यांच्या वंशजांनी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मोठा मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला, तोही याच शाखेचा वारसा. दक्षिणेतील मराठीचा इतिहास असा कन्नड शिळांवर, तमिळ देशातल्या भिंतींवर आणि मोडी कागदांवर विखुरलेला आहे.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे वेगळेपण येथे लक्षात येते. मराठी माध्यमात शिकवून मुलांचे नुकसान तर होणार नाही ना, ही चिंता गेल्या साठ वर्षांत अनेक पालकांच्या मनात येऊन गेली असेल. शहर इंग्रजीत व्यवहार करते, रस्ता कन्नड बोलतो. मग मराठी कशासाठी? याचे एक उत्तर वरच्या उदाहरणात आहे. मल्लेश्वरमच्या शिलालेखाचा कन्नड पाठ, राजवाड्यांची मराठी प्रस्तावना आणि राइस यांचा इंग्रजी अनुवाद ही तिन्ही ज्याला स्वतः वाचता येतात, त्याला कुणाच्या सारांशावर अवलंबून राहावे लागत नाही. केवळ इंग्रजी जाणणाऱ्याला शोधयंत्र एक दार उघडून देते; या मुलांना तीन दारे उघडी आहेत. 'व्यंकोजी' आणि 'एकोजी' ही एकाच व्यक्तीची नावे आहेत आणि ती देवनागरीत, कन्नडमध्ये व रोमनमध्ये वेगवेगळी शोधावी लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला जे सापडते ते इतरांना सापडत नाही.

इतिहास सोडून इतर विषयांकडे वळलेल्या विद्यार्थ्यांनाही वाटा मोकळ्या आहेत. विद्यापीठीय अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांमुळे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात जमा होऊ लागले. त्यात मराठी प्रबंधही आहेत. एखाद्या प्रबंधाची निष्पत्ती जशीच्या तशी स्वीकारावी असे नाही, पण त्याच्या शेवटची ग्रंथसूची ही नवख्या अभ्यासकाला मिळालेली तयार वाट असते. 'गूगल स्कॉलर' ही सेवा २००४ पासून आहे. एखाद्या निबंधाचा आधार पुढे कोणकोणत्या निबंधांनी घेतला हे तिच्यात दिसते, त्यामुळे जुन्या विधानाचे पुढे काय झाले ते तपासता येते. मराठी नियतकालिकांतील लेखन मात्र तेथे फारसे येत नाही. त्यासाठी मराठी विश्वकोश, विकिस्रोत आणि ग्रंथालयांच्या सूची पाहाव्या लागतात. शब्दांच्या अर्थासाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तर बंगळुरू अधिकच अनुकूल आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची नियतकालिके आणि १९३२ पासून निघणारे 'करंट सायन्स' यांतील लेख आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. महागड्या परदेशी नियतकालिकांसाठी केंद्र शासनाची 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तिच्याद्वारे ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना उपलब्ध आहेत. तरीही एखादा निबंध मिळाला नाही, तर त्याच्या लेखकाला नम्रपणे पत्र लिहावे. बरेच संशोधक आपला निबंध आनंदाने पाठवतात. विचारण्याचा संकोच मात्र सोडावा लागतो.

गेल्या काही वर्षांत एक नवा मदतनीस घरोघरी आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला प्रश्न विचारला, की ते सुबक परिच्छेद लिहून देते आणि मागितल्यास संदर्भांची यादीही देते. या यादीत ग्रंथकार, वर्ष, पृष्ठांक सर्व काही असते. फक्त काही वेळा तो ग्रंथ अस्तित्वात नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयात वकिलांनी अशा यंत्राने दिलेले निवाडे सादर केले. ते निवाडे कधी झालेच नव्हते, आणि न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. वकिलांना न ओळखू आलेली ही चूक शाळकरी मुलाकडूनही होऊ शकते. म्हणून नियम साधा ठेवावा: जो ग्रंथ स्वतः उघडून पाहिला नाही, तो संदर्भयादीत लिहू नये. यंत्राकडून शोधाची दिशा घ्यावी, शब्द सुचवून घ्यावेत. साक्ष मात्र कागदाची असावी.

साक्षीची नोंदही नीट ठेवावी. ग्रंथकार, ग्रंथ, वर्ष, पृष्ठ, आणि आंतरजालावरील पान असेल तर ते कोणत्या दिवशी पाहिले ती तारीख एवढे लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. डिजिटल लायब्ररीचे आपले संकेतस्थळही बंद पडले, हे लक्षात ठेवले तर या अर्ध्या मिनिटाचे मोल कळेल. आणि जे पडद्यावर नाही ते जगातच नाही, असे मानू नये. कब्बन पार्कमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, नृपतुंग रस्त्यावरील मिथिक सोसायटी, पुण्याचे १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्या कपाटांत अजून असे पुष्कळ आहे, जे कोणत्याही शोधयंत्राला सापडणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूत राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या ट्रंकांतही जुनी पत्रे आणि मोडी कागद असू शकतात. माजी विद्यार्थ्यांनी ते रद्दीत जाऊ न देता त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवली, तर पुढच्या पिढीच्या संशोधनाला तीच साधने होतील.

पालकांकडून यात मोठ्या विद्वत्तेची अपेक्षा नाही. मुलांचा प्रकल्प आदल्या रात्री चित्रे चिकटवून पुरा करून देण्याऐवजी जेवताना एकच प्रश्न विचारावा: 'हे कुठून कळले?' पहिल्या दिवशी उत्तर येईल, 'गूगलवर होते.' मग पुन्हा विचारावे, 'तिथे कुणी लिहिले? त्याला कुठून कळले?' दोन-चार वेळा असे झाले, की मूल स्वतःच तो प्रश्न विचारू लागेल.

मल्लेश्वरमच्या विद्यार्थिनीचा प्रकल्प आता पूर्ण झाला आहे. तिच्या वहीत 'हे देवालय व्यंकोजीराजांनी बांधले' असे ठाम वाक्य नाही. तिथे लिहिले आहे: 'एकोजीराजांनी १६६९ साली या देवाला गाव दिल्याचा शिलालेख आहे, देवालय कोणी बांधले हे त्यावरून सांगता येत नाही.' पहिल्या वाक्याहून हे कमी सांगते, म्हणून कदाचित कमी रंजक वाटेल. पण ते तिचे स्वतःचे आहे, आणि कुणीही तपासून पाहिले तरी टिकणारे आहे. साठ वर्षे या शाळेने मुलांना वाचायला शिकवले. मूळ कागद उघडून तो वाचणारी आणि त्यात जेवढे आहे तेवढेच सांगणारी मुले येथून यापुढेही बाहेर पडोत, हीच या हीरक महोत्सवी वर्षात सदिच्छा.